डेड स्नॅप: मनगट न वापरता शॉटगनचा चेंडू कसा द्यायचा

गेल्या हंगामात आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमकडे सेंटरच्या जागेसाठी तीन पोरं आली. सेंटर म्हणजे पायांमधून चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा खेळाडू; त्या देण्याला स्नॅप म्हणतात. तिघांनीही डेड स्नॅप मोबाईलवर बघून शिकला होता आणि तिघांचाही चेंडू चुकत होता. एकाचा क्वार्टरबॅकच्या (मागे उभं राहून तो चेंडू झेलणाऱ्या, डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या) डोक्यावरून जायचा, दुसऱ्याचा घोट्याशी, तिसऱ्याचा रोज नव्या ठिकाणी. चुका तीन दिसत असल्या तरी कारण एकच होतं: तिघंही चेंडू फेकत होते. डेड स्नॅपमध्ये चेंडू फेकायचा नसतो, हात मागे न्यायचा असतो आणि चेंडू सुटू द्यायचा असतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

हा लेख अमेरिकन फुटबॉलच्या सेंटरसाठी आहे. आणि न्यू जर्सीत किंवा आणखी कुठे घरामागच्या अंगणात त्याच्यामागे क्वार्टरबॅक होऊन उभ्या राहणाऱ्या आईबाबांसाठीही, कारण आठवड्यातले निम्मे स्नॅप तेच झेलतात. मी प्रशिक्षक म्हणून पगारी नाही. धाकट्यामुळे टीमच्या मदतीला गेलो आणि सेंटर लोकांपाशीच अडकलो.

नवख्यांसाठी दोन-तीन वाक्यं. शॉटगन नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे साधारण ५ यार्डांवर, म्हणजे १५ फुटांवर उभा असतो आणि सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो. नेहमीच्या पद्धतीत मनगटाला झटका देऊन चेंडू स्वतःच्या लांबीभोवती भोवऱ्यासारखा फिरवतात. डेड स्नॅपमध्ये फिरकी नाही, चेंडू जवळजवळ मेल्यासारखा तरंगत येतो.

आधी ठरवा: तुम्हाला हा हवाय का

तुमचा फिरकीचा स्नॅप दहापैकी दहा वेळा छातीवर जात असेल तर इथेच थांबा आणि त्याला हात लावू नका. बसलेली घडी मोडू नये.

डेड स्नॅप कामाचा कोणाला? ज्याचा हात लहान आहे आणि लेसेसवर (चेंडूच्या शिवणीवरच्या उंच दोऱ्यांवर) बोटं पुरत नाहीत त्याला. ज्याचा मनगटाचा झटका दबावाखाली कधी लवकर तर कधी उशिरा बसतो त्याला. आणि नोज टॅकलला, म्हणजे सेंटरच्या अगदी समोर उभ्या असलेल्या बचावपटूला, पहिल्याच क्षणी अडवायचं असल्यामुळे ज्याला हाताचा विचार करायला वेळच मिळत नाही त्याला. मनगट हा सांधा हुशार आहे, पण भित्रा. घाबरल्यावर पहिल्यांदा तोच बदलतो. खांदा तसा बदलत नाही.

सावधान: पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) आणि फील्ड गोल (लाथ मारून गोलखांबांमधून चेंडू घालणं) यांच्या स्नॅपला हे तंत्र वापरू नका. पंटर १४-१५ यार्डांवर असतो, फील्ड गोलसाठी चेंडू जमिनीवर धरून ठेवणारा होल्डर ७-८ यार्डांवर. तिथे वेग लागतो, फिरकीही लागते. ती वेगळी कला आहे.

तयारी

चेंडू वयाचाच घ्या. इथेच पहिली चूक होते. बाबा हौसेनं दुकानातून मोठा, 'खरा' चेंडू आणतात. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा चेंडू सुमारे ११ इंच लांब आणि १४ ते १५ औंस वजनाचा असतो, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास. क्रिकेटच्या चेंडूच्या अडीच पट. दहा वर्षांच्या पोराच्या हातात तो टोकाकडून मावणार नाही. विल्सनच्या मापांत ६ ते ९ वयाला के-टू, ९ ते १२ ला टीडीजे, १२ ते १४ ला टीडीवाय आणि त्यापुढे पूर्ण मापाचा, असा हिशेब आहे. तुमची लीग कुठला वापरते ते विचारा आणि तोच आणा. हवाही मोजा. एनएफएलमध्ये साडेबारा ते साडेतेरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतात. घरातला बसलेला, मऊ पडलेला चेंडू टोकाकडून छान पकडता येतो आणि मॅचचा टणक चेंडू मग हातातून निसटतो.

बाकी सामान घरातलंच: मोजपट्टी, जमिनीवर खुणेला चार कोन (कोन नसले तर चपला), एक जुना पंचा, शाळेची फूटपट्टी, क्रेप बँडेज आणि स्लो मोशन टिपणारा फोन. चेंडू अडवायला जाळी किंवा जुनी चादर. दोरीवर चादर टाकून तिच्यावर खडूनं क्वार्टरबॅकच्या पट्ट्यापासून गळ्यापर्यंतचा चौकोन काढला की झालं.

तपासा: हातमोजे घालून खेळणार असाल तर पहिल्या दिवसापासून घालूनच शिका. सराव मोकळ्या हातानं आणि मॅच मोज्यात, असं केलं तर पकड दोनदा शिकावी लागते.

टप्पा १: पाय आणि पाठ

पाय खांद्यांएवढे रुंद किंवा थोडे जास्त. गुडघे वाकलेले, बूड खाली, पाठ सपाट, नजर समोर. चेंडू कपाळाच्या किंचित पुढे येईल असा. मोकळा हात मांडीवर टेकलेला, पण त्यावर भार नाही.

तपासा: चेंडूवरचा हात अचानक उचला. पुढे कललात तर वजन हातावर होतं. वजन हातावर असलं की स्नॅपच्या क्षणी आधी शरीर सावरतं, मग हात हलतो, आणि चेंडू उशिरा निघतो.

एवढं पुरे. स्टान्स, म्हणजे ही वाकून उभं राहायची ढब, तुमचे कोच शिकवतीलच.

टप्पा २: चेंडू मांडणं

चेंडूची लांबी आक्रमण रेषेशी (दोन टीमच्या मधल्या, चेंडूतून आडव्या जाणाऱ्या काल्पनिक रेषेशी) काटकोनात हवी: एक टोक समोरच्या टीमकडे, दुसरं तुमच्याकडे. हा नियम आहे. हाताला सोयीचं म्हणून चेंडू तिरका लावू नका. पुढचं टोक थोडं उचलायला हरकत नाही; शाळा आणि कॉलेजच्या नियमांत ही उचल ४५ अंशांपर्यंत चालते. आपल्याला तेवढीही नको. खालची दोन बोटं आत सरकतील एवढं पुरे.

आता लेसेस. "लेसेस कुठे ठेवू?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, कारण ते तुमच्या हाताच्या मापावर आणि चेंडू हवेत किती पलटतो त्यावर ठरतं. म्हणून अंदाज बांधू नका. स्नॅप बसल्यावर लेसेस आधी वर, मग डावीकडे, मग खाली, मग उजवीकडे ठेवून प्रत्येकी दहा स्नॅप द्या. झेलताना क्वार्टरबॅकच्या बोटांखाली लेसेस किती वेळा आले ते तो मोठ्यानं सांगेल. सर्वात जास्त वेळा जिथे आले ती तुमची जागा. वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी चेंडूचं माप बदललं की पुन्हा करा.

टप्पा ३: पकड

इथे घाई करू नका. दोन दिवस फक्त पकडच करा असं मी सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

हात चेंडूच्या पुढच्या टोकावर न्या. तळवा मागे, म्हणजे क्वार्टरबॅककडे बघतोय. पुढचं टोक तळव्याच्या खळग्यात बसवा. अंगठा आतल्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट वरून बाहेरच्या बाजूला, उरलेली दोन बोटं खालून. चेंडूचं मोकळं टोक मागे क्वार्टरबॅककडे.

नीट पाहिलंत तर लक्षात येईल की तळवा आता चेंडूच्या पाठीशी आहे. झोपाळ्यावर बसलेल्या पोराच्या पाठीला हात लावून आपण झोका देतो, तसा. म्हणूनच झटक्याची गरज नाही. हात मागे गेला की चेंडू त्याच्यापुढे ढकलला जाणारच.

किती घट्ट? पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या वरून, काठाला धरून उचलताना धरतो तेवढा. दाबला तर हात थरथरतो आणि पाणी सांडतं, सैल धरला तर तांब्याच पडतो. पोरं बहुतेक वेळा दाबतात. नखं पांढरी दिसली तर समजा दाब जास्त आहे.

तपासा: पकड घेऊन सरळ उभे राहा, हात शरीराशेजारी सोडा आणि चेंडू टोकाकडून लोंबू द्या. दहा आकडे मोजेपर्यंत चेंडू घसरला नाही आणि हात दुखला नाही तर पकड बरोबर. सहा-सात आकड्यांतच घसरत असेल तर चेंडू मोठा आहे किंवा पकड फारच टोकाशी आहे; अर्धा इंच आत घ्या.

सावधान: पकड एकदाच घ्यायची. बोटं जुळवत बसण्याची सवय लागली तर मॅचमध्ये महागात पडेल. आपल्या टीमची पुढची फळी स्थिर झाल्यावर स्नॅपचा भास होईल अशी हालचाल झाली की शिट्टी वाजते आणि दंडाचे ५ यार्ड जातात. वाकायच्या आधी हात पुसा, वाका, पकड घ्या आणि मग हात दगड.

टप्पा ४: मनगटाला कुलूप

फूटपट्टी कामाला येते ती इथे. हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या मुळापासून कोपराकडे जाईल अशी ती ठेवा आणि वर क्रेप बँडेज गुंडाळा. रक्त थांबेल इतकं घट्ट नको, पण मनगट वाकवायला गेलं तर पट्टी टोचली पाहिजे. बारा इंची पट्टी लहान पोराला कोपरात लागते, सहा इंची घ्या.

माझ्या धाकट्यानं पहिल्या दिवशी आरशात बघून विचारलं, "बाबा, फ्रॅक्चर झाल्यासारखं दिसतंय, असं मैदानावर जायचं का?" म्हटलं, "मैदानावर नको, अंगणात चल." अंगणात पाचव्या स्नॅपला पट्टीचा कट्‌ असा आवाज आला. पट्टी मोडली होती. तोपर्यंत तो मला छातीठोकपणे सांगत होता की तो मनगट वापरतच नाही. माझं कुठलंही भाषण त्या आवाजाइतकं त्याला पटलं नसतं. तेव्हापासून मी प्लास्टिकची पट्टी वापरत नाही. फुटली तर धार लागते. लवचिक पट्टी किंवा जाड पुठ्ठा बरा.

पट्टी किती दिवस? चार-पाच दिवस, रोज पहिले वीस स्नॅप पट्टी लावून, मग काढून. काढल्यावरही पट्टी आहे असं वाटलं पाहिजे.

टप्पा ५: झोका, चेंडू न सोडता

व्हिडिओ बघून शिकलेले नेमका हाच टप्पा गाळतात. स्टान्स घ्या, पकड घ्या आणि चेंडू न सोडता हात पायांमधून मागे न्या. परत आणा. घड्याळाच्या लंबकासारखा. कोपर सरळ, हालचाल खांद्यातून. वीस वेळा.

हात पूर्ण मागे गेला की थांबा आणि कोणाला तरी बघायला सांगा: चेंडूचं मोकळं टोक कुठे आहे? सुरुवातीला ते सरळ मागे होतं. मनगट बंद असेल तर हात जितका फिरला तितकं ते टोक वर आलेलं असतं, तिरकं आकाशाकडे. ते जमिनीकडे किंवा आडवं डावी-उजवीकडे पडलं असेल तर मनगट वाटेत वळलं. क्वार्टरबॅकला येणारा चेंडू टोकानं नाही, पोटाकडून दिसतो तो यामुळेच, आणि झेलायला सोपा असतो तोही यामुळेच.

दुसरी गोष्ट बघायची ती बूड. हात मागे जाताना बूड वर उसळतं का? भिंतीपाशी उभे राहून, पाठीच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारून करा. सोबतचा माणूस रेघेकडे बघेल. बूड दोन इंच वर गेलं तरी पाच यार्डांवर चेंडू फूटभर वर जातो. मला हा हिशेब कोणी शिकवला नाही, चादरीवरच्या चिखलाच्या ठशांनी शिकवला.

तिसरी गोष्ट मांड्या. गुडघे आत पडले तर हात मांडीला घासतो. अंगणात टी-शर्टवर कळत नाही, पॅड्स घातल्यावर मांडीचा पॅड आडवा येतो. म्हणून आठवड्यातून एकदा हा टप्पा पूर्ण पॅड्समध्ये करा. खांद्याचे पॅड्सही हात थोडा अडवतात.

टप्पा ६: सुटणं, दोन यार्डांवर

चादर फक्त दोन यार्डांवर लावा. हो, दोनच. पोरांना हे अपमानास्पद वाटतं. वाटू द्या.

झोका तोच. फरक एवढाच की हात दोन पायांच्या मधून जाताना बोटं उघडायची. उघडायची म्हणजे झटकायची नाहीत. हातातला पतंगाचा मांजा वारा आल्यावर ढिला सोडतो तशी. हात मागे जात राहतो आणि बुडाच्या रेषेशी थांबतो. चेंडू गेल्यावरही तळवा चादरीकडे बघत असला पाहिजे. तळवा आभाळाकडे किंवा मांडीकडे वळलेला दिसला तर शेवटच्या क्षणी फिरकी द्यायचा मोह झाला आहे.

लवकर सोडला तर चेंडू खाली जाईल, उशिरा सोडला तर वर. कारण साधं आहे: हात वर्तुळात फिरतोय, आणि वर्तुळाच्या तळाशी सुटलेली वस्तू सरळ जाते, तळ ओलांडल्यावर सुटलेली वर उडते. सुटायची वेळ ओळखायला सोपी खूण म्हणजे मनगट मांडीच्या आतल्या बाजूला लागायच्या किंचित आधी. दोन यार्डांवर कमरेएवढ्या उंचीवर सलग पंधरा बसले की पुढे जा. चौदा बसून पंधरावा चुकला तर पुन्हा एकपासून. कडक वाटतं, पण मॅचमध्ये साठ-सत्तर स्नॅप असतात आणि त्यातला एक चुकलेलाच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

तपासा: फोन बाजूला जमिनीवर ठेवून स्लो मोशन घ्या. चेंडूला एखादा आळसट पलटा असेल तर ठीक. हात फिरतोय म्हटल्यावर थोडं पलटणं येणारच. दोन-तीन पलटे दिसले किंवा चेंडू लांबीभोवती गरगरला तर टप्पा ४ ला परत.

टप्पा ७: पाच यार्ड

दोन वरून तीन, तीन वरून चार, मग पाच. एका दिवसात एकच पायरी. चार यार्डांवर जरा रेंगाळा; पिस्टल नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक तिथेच असतो.

अंतर वाढलं की पोरं जोर वाढवतात आणि जोर मनगटातून आणतात. जोर खांद्याच्या वेगातून आणा. मागे जाणारा हात लवकर निघाला पाहिजे, सुटताना हिसका नको. पाच यार्ड कापायला चेंडूला अर्धा सेकंद लागला असं धरा. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू गुरुत्वानं सव्वा मीटर खाली ओढली जाते. म्हणजे चेंडू थोडा वरच्या दिशेनं सुटायलाच हवा. छातीवर नेम धरून सरळ दिलात तर पायांशी जाईल. उंची वाढवायला मात्र बूड उचलू नका, हात आणखी चार बोटं मागे जाऊ द्या.

रोज पन्नास-साठ स्नॅप पुष्कळ झाले. त्यापुढे खांदा थकतो आणि मनगट मदतीला धावतं, म्हणजे शेवटचे वीस स्नॅप तुम्ही चुकीचीच सवय घोटत असता.

टप्पा ८: पाऊल आणि धक्का

सेंटरचं काम चेंडू देऊन संपत नाही, तेव्हा सुरू होतं. आधी एकट्यानं: स्नॅप आणि डावं पाऊल. मग स्नॅप आणि उजवं पाऊल. मग समोर उशी किंवा ब्लॉकिंग पॅड धरून कोणीतरी. शेवटी चालता-बोलता, ढकलणारा माणूस. हा क्रम उलटा करू नका. पहिल्याच आठवड्यात समोर नोज टॅकल उभा करणारे कोच मी पाहिले आहेत. पोरगं चेंडू द्यायच्या आधी हात वर करायला शिकतं, दुसरं काही नाही.

पाऊल टाकताना कंबर वळली की चेंडू उलट बाजूला जातो. उजवीकडे पाऊल, चेंडू डावीकडे. म्हणून पहिलं पाऊल छोटं, सहा इंचांचं, आणि कंबर रेषेला समांतर. हात निघाल्यावर पाऊल निघतं, आधी नाही. स्नॅप ही एक सलग हालचाल हवी. हात अर्धवट नेऊन थांबलात तर तोही दंड.

तपासा: धक्का बसतानाचे स्नॅप मोजा. धक्क्याविना पंधरापैकी पंधरा आणि धक्क्यासह दहा असं आलं तर स्नॅप बिघडलेला नाही, मान बिघडली आहे. पोरगं चेंडू कुठे गेला ते बघायला डोकं खाली घालतंय. नजर समोरच्याच्या छातीवर. चेंडू गेला तो गेला.

टप्पा ९: क्वार्टरबॅकबरोबर

क्वार्टरबॅकला आधी सांगा की चेंडू वेगळा दिसेल. फिरकीचा चेंडू टोकानं येतो, हा पोटानं आणि किंचित हळू. आमच्या क्वार्टरबॅकनं पहिल्या दिवशी हात लवकर मिटले आणि चेंडू अंगठ्यांवर आपटला. बोटं पसरून, यष्टिरक्षक घेतो तसे हात थोडे मागे देत झेला. त्यानं दोन दिवसांत जमवलं, आणि थंडीत बोटं कमी दुखतात म्हणून तो आता फिरकीचा स्नॅप मागतच नाही.

मग आवाज. २ फेब्रुवारी २०१४ ला आमच्याच राज्यात, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना झाला. डेन्व्हरचा पहिलाच डाव. त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग खेळी बदलायला पुढे चालत आला, गोंगाटात इशाऱ्याची गडबड झाली आणि चेंडू त्याच्या बाजूनं मागे एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात. बारा सेकंदांत सेफ्टी (आपल्याच एंड झोनमध्ये डाव संपणं), सिएटलला दोन गुण. सामना पुढे ४३-८ असा गेला. त्या चेंडूत तंत्राचा दोष नव्हता, तो वेळेआधी निघाला एवढंच. तेव्हा हाताइतकाच इशाऱ्याचा सराव करा. मोबाईलवर गर्दीचा आवाज मोठ्यानं लावा. गार्डनं (सेंटरच्या शेजारच्या खेळाडूनं) पायावर थाप मारायची, सेंटरनं मान उचलायची, एक मोजायचा आणि द्यायचा, हा मुका क्रम शंभर वेळा झाला पाहिजे. क्वार्टरबॅक जागेवरून हलत असेल तर सेंटरला कळेल असा शब्द ठरवून ठेवा.

चेंडू कुठे गेला, त्यावरून चूक ओळखा

वर गेला: आधी बूड बघा, मग उशिरा सुटणं. निम्म्याहून जास्त वेळा बूडच असतं.

खाली गेला: हात अर्ध्यातच थांबला, किंवा समोरच्याला अडवायच्या घाईत हात परत ओढला. हे फक्त मॅचमध्ये होतं आणि पोरगं म्हणतं, "अहो कोच, सरावात तर नीट येतं!" येतंच. सरावात समोर कोणी नसतं.

बाजूला गेला: कंबर वळली, नाहीतर मांडीला घासला. मांडीच्या पॅडवर चेंडूचा डाग दिसला की कोणाला विचारायला नको.

रोज वेगळीकडे गेला: पकड रोज वेगळी आहे. टप्पा ३. लेसेसची जागा लिहिलेली वही काढा.

उंची बरोबर पण चेंडू गरगरतोय: मनगट. पट्टी काढा कपाटातून.

एका वेळी एकच चूक दुरुस्त करा. कडेनं एक बाबा "खाली बस" ओरडतायत, दुसरे "हात लांब", कोच "मान वर", अशा वेळी पोरगं काहीच करू शकत नाही.

पाऊस आणि मॅचचा दिवस

ओल्या चेंडूचं टोक निसरडं होतं, आणि आपली सगळी पकड टोकावर आहे. फिरकीच्या पकडीत लेसेसचा आधार असतो, इथे नसतो, हे या तंत्राचं खरं दुखणं. पावसात पकड अर्धा इंच आत घ्या आणि पुढचं टोक नेहमीपेक्षा थोडं कमी उचला. पंचा कमरेला खोचलेला असू द्या, प्रत्येक डावाआधी हात पुसा, पंच चेंडू बदलून किंवा पुसून देत असतील तर मागायला लाजू नका. सरावात एकदा चेंडू मुद्दाम बादलीत बुडवून वीस स्नॅप द्या. आमच्याकडे ऑक्टोबरातल्या एका ओल्या शनिवारी पहिलेच दोन स्नॅप गेले. त्या दिवशी लक्षात आलं की आम्ही बादली कधी वापरलीच नव्हती.

वॉर्म-अपमध्ये दहा स्नॅप मॅचच्याच चेंडूवर मागून घ्या, त्यातले पाच धक्क्यासह. दोन चुकले तर क्वार्टरबॅकला एक यार्ड पुढे बोलवा, चारवर. पहिला क्वार्टर तसाच खेळा, मग हळूच मागे सरकायला सांगा.

आणि स्नॅप चुकून जमिनीवर पडला तरी टॅकल फुटबॉलमध्ये (एकमेकांना पाडायची मुभा असलेल्या प्रकारात) शिट्टी होत नाही, चेंडू जिवंत असतो. सेंटरनं मागे वळून बघत उभं राहायचं नाही. समोरच्याला अडवून ठेवायचं, क्वार्टरबॅकला तो उचलायला तेवढाच एक सेकंद मिळतो.